विश्लेषण : कंपनीच्या मेल सर्व्हरला वेगळा अँटिव्हायरस लागतो का?

प्रत्येक संगणकात अँटिव्हायरस असताना सर्व्हरवर आणखी एक कशाला, असा प्रश्न छोट्या कंपन्यांपासून पतसंस्थांपर्यंत सगळीकडे विचारला जातो. प्रश्न खर्चाचा वाटतो, पण तो जबाबदारीचा आहे.

साखरखेर्ड्यासारख्या गावात ‘कंपनी’ म्हटले की आता धुराडे असलेला कारखाना डोळ्यांसमोर येत नाही. सिंदखेड राजा तालुक्यात, शेजारच्या मेहकर-चिखलीत कंपनी म्हणजे बहुतेकदा शेतकरी उत्पादक कंपनी. सोयाबीन, तूर, हरभऱ्याची खरेदी, एक गोदाम, एक चाळणी यंत्र, एक व्यवस्थापक आणि टॅलीवर हिशेब लिहिणारा एक मुलगा. दहा शेतकरी एकत्र आले तरी अशी कंपनी उभी राहते आणि नोंदणी करतानाच तिला ई-मेल पत्ता द्यावा लागतो. पुढे कंपनी निबंधकांची सूचना, जीएसटीची नोटीस, प्रक्रिया उद्योगाची खरेदी ऑर्डर, ‘पोकरा’ किंवा ‘स्मार्ट’ प्रकल्पाच्या प्रस्तावातील त्रुटी, हे सगळे त्याच पत्त्यावर येते. कंपनीचे भागधारक शेतात असतात. कंपनीचा मेल मात्र एक-दोन माणसेच उघडतात, आणि त्यांनी एखादी चुकीची फाइल उघडली तर नुकसान मात्र सगळ्यांचे होते.

संगणकात अँटिव्हायरस आहेच, मग मेल सर्व्हरवर वेगळा हवा का, या प्रश्नाचे थेट उत्तर असे : कंपनी स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असेल तर हो, हवाच. पण गावातल्या किंवा तालुक्याच्या पातळीवरच्या कंपनीने स्वतःचा मेल सर्व्हर चालवूच नये. या दोन वाक्यांच्या मध्ये बरेच काही आहे.

मेल नेमका कुठून कुठे जातो?

नागपूरच्या व्यापाऱ्याने पाठवलेला मेल थेट साखरखेर्ड्याच्या फोनवर येत नाही. तो आधी व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर इंटरनेटच्या नोंदवहीत पाहतो की, या डोमेनचे मेल कोणता सर्व्हर घेतो. मग तिथे मेल सोपवला जातो, पेटीत ठेवला जातो आणि कोणी पेटी उघडली की फोनवर किंवा संगणकावर दिसतो. मेलला जोडलेली फाइल या प्रवासात अक्षरांच्या लांबच लांब माळेच्या रूपात असते. सर्व्हर ती उघडत नाही, चालवत नाही, फक्त पुढे देतो.

यावरूनच एक लाडका युक्तिवाद तयार झाला. ‘आमचा सर्व्हर लिनक्सवर आहे, त्याला व्हायरस लागत नाही.’ विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस लिनक्सवर चालत नाही, हे बरोबर. पण सर्व्हर आजारी पडणार नाही म्हणून तो आजार पसरवणार नाही, असे होत नाही. एसटीच्या टपावरून आलेल्या पोत्यात काय आहे याच्याशी गाडीला देणेघेणे नसते. पोते ज्याच्या घरी उतरते त्याचा प्रश्न असतो.

जिनिंगच्या फाटकावर कापसाची गाडी आली की आधी आर्द्रता तपासली जाते, वरचा थर चांगला आणि खाली ओला माल आहे का हे हात घालून पाहिले जाते. सर्व्हरवरचा अँटिव्हायरस हेच करतो. मेल पेटीत जाण्यापूर्वी जोडलेली फाइल मूळ रूपात आणतो, झिप असेल तर ती सोडवतो, झिपमध्ये झिप असेल तर तीही. मग आतल्या फाइलची ओळख माहीत असलेल्या घातक फाइलींच्या ओळखखुणांशी ताडून पाहतो. काही प्रणाली त्यापुढे जाऊन संशयित फाइल एका बंदिस्त आभासी संगणकात चालवून ती काय करते हेही बघतात.

हे काम संगणकातला अँटिव्हायरस करत नाही का? करतो, पण उशिरा आणि त्याच्या घरापुरते. मराठी माणसाला अँटिव्हायरस म्हटले की पुण्याच्या काटकर बंधूंचे ‘क्विक हील’ आठवते, कारण नव्वदच्या दशकात व्हायरस फ्लॉपीतून यायचा आणि जो संगणक फ्लॉपी वाचेल तिथेच त्याला अडवणे पुरेसे होते. ४ मे २०००ला ‘आय लव्ह यू’ नावाचा मेल जगभर फिरला आणि चित्र पालटले. प्रेमपत्र समजून जोडलेली फाइल उघडली की ती पुढच्या सगळ्या ओळखीच्या पत्त्यांवर स्वतःची प्रत पाठवायची. त्या दिवशी अनेक कंपन्यांना शेवटी मेल सर्व्हरच बंद ठेवावे लागले.

छोट्या कार्यालयातली आजची वस्तुस्थिती तर आणखी अवघड आहे. व्यवस्थापक मेल फोनवर पाहतो. फाइल फोनवर नीट उघडत नाही म्हणून ती व्हॉट्सॲपवरून हिशेबनिसाला पाठवतो. हिशेबनिसाच्या संगणकात अँटिव्हायरस असतो खरा, पण त्याची मुदत गेल्या दिवाळीत संपलेली असते. विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सुरक्षा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला थांबला आहे. संगणक दहा असतील तर ते दहाही वेळेवर अद्ययावत असायला हवेत. फाटक मात्र एकच असते.

दुसरी बाजू बाहेर जाणाऱ्या मेलची. कंपनीतला एखादा संगणक बाधित झाला आणि त्यावरून शेकडो घातक मेल बाहेर पडू लागले, तर ‘स्पॅमहॉस’सारख्या संस्थांच्या काळ्या यादीत सर्व्हरचा पत्ता जातो. मग कंपनीचे खरे कोटेशनसुद्धा समोरच्याचा सर्व्हर घेत नाही. हंगामात आठवडाभर मेल परत येत राहिले तर काय होते, हे खरेदीदाराशी व्यवहार करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

मंत्रालयात काय घडले होते?

महाराष्ट्रातले सर्वात ठळक उदाहरण मे २०१६चे आहे. मंत्रालयातल्या महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागातल्या सुमारे दीडशे संगणकांना ‘लॉकी’ या रॅन्समवेअरची बाधा झाली. लॉकी त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत प्रथम दिसला होता आणि त्याचा नेहमीचा मार्ग मेलच होता. बिल किंवा इनव्हॉइस जोडल्याचे सांगणारा मेल, सोबत वर्डची फाइल. फाइल उघडली की मजकुराऐवजी अगम्य अक्षरे दिसत आणि ‘मजकूर नीट दिसत नसेल तर मॅक्रो चालू करा’ अशी सूचना येई. मॅक्रो चालू केला की संगणकातल्या फाइली कुलूपबंद होत आणि किल्लीसाठी बिटकॉइन मागितले जात.

यात कळीचा मुद्दा वेळेचा आहे. लॉकीचे नवे नमुने इतक्या भराभर सोडले जात की, सकाळी आलेल्या फाइलची ओळखखूण अँटिव्हायरसकडे दुपारी पोहोचे. सर्व्हरवर तपासणी असली तरी सकाळचा मेल निसटू शकतो. पण सर्व्हरवर दोन गोष्टी करता येतात, ज्या प्रत्येक टेबलावर करता येत नाहीत. मॅक्रो असलेली वर्ड फाइल, स्क्रिप्ट किंवा थेट चालणारी फाइल ओळखखुणेची वाट न पाहता सरसकट अडवता येते. आणि दुपारी ओळखखूण आली की सकाळी पेटीत गेलेला मेल मागे जाऊन काढून टाकता येतो. मायक्रोसॉफ्टच्या मेलसेवेत ही सोय आहे. सरकारी कार्यालयात येणाऱ्या किती पत्रांना मॅक्रोची गरज असते? जवळपास शून्य. म्हणजे तो सरसकट नकार त्रासाचा नव्हताच.

पाच वर्षांनी, २१ मार्च २०२१च्या पहाटे, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या म्हणजे एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे काम थांबले. तिथे संगणकांवर अँटिव्हायरस होता. तो होता म्हणून हल्ला झाला नाही, असे मात्र घडले नाही. म्हणून ‘अँटिव्हायरस आहे ना’ या वाक्यावर थांबणे धोक्याचे.

एका नावाची दोन कामे

इथे एक गोंधळ नेहमी होतो आणि त्याची किंमत मोठी असते. ‘सर्व्हरवर अँटिव्हायरस टाका’ असे सांगितले की, संगणक दुरुस्त करणारा माणूस टेबलावरच्या संगणकात टाकतो तोच अँटिव्हायरस सर्व्हरवर टाकून मोकळा होतो. हा अँटिव्हायरस सर्व्हरच्या डिस्कवरच्या फाइली तपासतो. मेलच्या आत बघत नाही.

उलट तो मेल सर्व्हरचे नुकसान करू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर सगळ्यांच्या पेट्या मिळून एका मोठ्या डेटाबेस फाइलीत असतात. त्या फाइलीत कुठेतरी एखादा बाधित मेल सापडला म्हणून डिस्कवरच्या अँटिव्हायरसने ती फाइल किंवा तिची नोंदवही उचलून बाजूला ठेवली, तर अख्ख्या कंपनीचा मेल बंद पडतो. म्हणून मायक्रोसॉफ्टनेच अनेक वर्षे यादी दिली की, हे हे फोल्डर तपासणीतून वगळा.

मग ज्या कोपऱ्यात पहारेकरी जात नाही तिथे चोर लपू लागले. त्यानंतर फेब्रुवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या यादीतले काही फोल्डर आणि काही प्रक्रिया पुन्हा तपासणीत आणायला सांगितल्या. म्हणजे सर्व्हरच्या डिस्कसाठी एक आणि मेलच्या मजकुरासाठी एक, अशी दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही हवीत, पण दोन्ही समजून लावलेली.

पहारेकऱ्याच्या खोलीतून शिरकाव

सर्व्हरवर मेल तपासणारी प्रणाली बसवली की प्रश्न मिटला, असे विकणारे सांगतात. गेल्या काही वर्षांतल्या घटना वेगळे सांगतात, आणि या विषयावरच्या मराठी लेखनात त्या फारशा येत नाहीत.

२०२२मध्ये ‘झिम्ब्रा’ या अनेक संस्था वापरत असलेल्या मेल सर्व्हरमध्ये अशी त्रुटी सापडली की, ती अँटिव्हायरसच्या कामातूनच उघडत होती. आलेली दाबून बांधलेली फाइल तपासण्यासाठी सोडवायची, तर त्यासाठी ‘सीपीआयओ’ नावाचे जुने साधन वापरले जाई. हल्लेखोर अशी फाइल पाठवत की, ती सोडवतानाच सर्व्हरवर भलत्या जागी त्यांचा कोड लिहिला जाई. मेल कोणी उघडायचीही गरज नव्हती. तपासणी होणे एवढेच पुरेसे होते.

मे २०२३मध्ये ‘बराकुडा’ कंपनीच्या मेल सुरक्षा उपकरणांत तसाच प्रकार उघड झाला. जोडलेल्या फाइली तपासण्यासाठीच विकलेले हे यंत्र, आणि विशिष्ट नावांच्या फाइली असलेली गठडी पाठवून त्याच यंत्राचा ताबा घेतला जात होता, तोही ऑक्टोबर २०२२पासून. कंपनीने दुरुस्ती दिली, पण जूनमध्ये ग्राहकांना सांगितले की दुरुस्ती बसवली असली तरी बाधित उपकरण बदलूनच घ्या.

आणि एक जरा गमतीशीर घटना. १ जानेवारी २०२२ला जगभरच्या अनेक कंपन्यांच्या एक्स्चेंज सर्व्हरवर मेल तुंबले. हल्ला नव्हता. सर्व्हरमधल्याच अँटिव्हायरसच्या ओळखखुणांच्या फाइलीला तारखेवरून क्रमांक मिळत असे. २०२२ उजाडले आणि तो क्रमांक २२०१०१०००१ झाला. प्रणाली ज्या खान्यात तो ठेवत होती, त्यात २१४७४८३६४७पेक्षा मोठा आकडा मावत नव्हता. तपासणी यंत्रणा कोसळली आणि ‘तपासल्याशिवाय पुढे नाही’ या नियमामुळे मेल रांगेत अडकले. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मेल वाहते करण्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागला.

म्हणून मेल सर्व्हर विकत घेताना ‘अँटिव्हायरस आहे का’ यापेक्षा ‘तो बंद पडला तर मेल थांबतो की न तपासता पुढे जातो’ हा प्रश्न जास्त उपयोगी ठरतो. याचे उत्तर विक्रेत्याला तोंडपाठ नसेल, तर तिथेच सावध व्हावे.

सर्व्हर स्वतः जुना राहिला तर तपासणी काही कामाची नाही, हे मार्च २०२१मध्ये दिसले. एक्स्चेंज सर्व्हरमधल्या चार त्रुटींवर मायक्रोसॉफ्टने २ मार्चला तातडीची दुरुस्ती दिली. ज्यांनी ती लगेच बसवली नाही, अशा हजारो सर्व्हरमध्ये हल्लेखोर थेट वेबच्या मार्गाने शिरले. घातक मेल पाठवण्याची त्यांना गरजच पडली नाही.

मग साखरखेर्ड्यात काय करावे?

स्वतःचा मेल सर्व्हर ठेवायचा तर त्याला चोवीस तास वीज हवी, स्थिर इंटरनेट पत्ता हवा, दर महिन्याच्या दुरुस्त्या बसवणारा माणूस हवा. ‘क्लॅमएव्ही’ हा मोफत, मुक्तस्रोत अँटिव्हायरस चांगला आहे, पण ओळखखुणांच्या साठ्यासाठी त्यालाच किमान तीन जीबी मेमरी लागते. स्वस्तातला एक जीबीचा सर्व्हर घेतला तर तो अधूनमधून गप्प बंद पडतो आणि कोणाला कळतही नाही. ज्या गावात पावसाळ्यात एक फीडर गेला की बाजार अंधारात असतो, तिथे हा हट्ट कशासाठी? गुगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो यांच्यापैकी कोणाची तरी सेवा घ्यावी. केंद्र सरकारनेही आपल्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहोच्या मंचावर नेले आहेत. या सेवांमध्ये सर्व्हरवरची तपासणी मुळातच असते.

खरी अडचण मधल्या वर्गाची आहे. कंपनीची वेबसाइट करून देणारा एखादा तरुण बुलढाण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात असतो. त्याने वर्षाच्या ठरलेल्या रकमेत डोमेन, जागा आणि ‘इन्फो’ नावाने सुरू होणारे चार मेल पत्ते दिलेले असतात. पत्ता कंपनीच्या नावाचा, त्यामुळे रुबाबदार दिसतो. पण तो मेल शेकडो वेबसाइट एकत्र ठेवलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर असतो. तिथे अँटिव्हायरस बसवायचा की नाही हे सर्व्हर चालवणाऱ्यावर अवलंबून. काही बसवतात, काही नाहीत. ग्राहक विचारत नाही म्हणून कोणी सांगतही नाही. अशा कंपनीला वाटते की आपल्याकडे सर्व्हर नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही. प्रत्यक्षात सर्वात उघडी पेटी हीच.

ती तपासण्याचा मार्ग सोपा आहे. ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल जगभर यासाठीच वापरली जाते. ती काहीच करत नाही, पण प्रत्येक अँटिव्हायरसने तिला व्हायरस समजावे असा संकेत आहे. वेबसाइटवाल्याला सांगावे की ती फाइल कंपनीच्या पत्त्यावर पाठवून दाखव. जीमेलवरून ती जाणार नाही, जीमेल आधीच अडवेल. दुसऱ्या सर्व्हरवरून पाठवली आणि पेटीत जशीच्या तशी आली, तर फाटकावर कोणी नाही हे पाच मिनिटांत कळते.

अँटिव्हायरसला न दिसणारा मेल

आता सगळ्यात महागड्या मेलकडे. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या टेक्निमाँट या इटालियन अभियांत्रिकी समूहाच्या भारतीय कंपनीतून सुमारे १३० कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यांत गेले. समूहाच्या प्रमुखाच्या पत्त्याशी हुबेहूब जुळणाऱ्या पत्त्यावरून भारतातल्या प्रमुखाला मेल आले. चीनमधल्या एका गोपनीय खरेदीच्या व्यवहारासाठी पैसे हवेत, असे सांगितले गेले. फोनवर बैठकाही झाल्या, त्यात वरिष्ठ अधिकारी आणि वकील असल्याची बतावणी केली गेली. आठवडाभरात तीन हप्त्यांत पैसे गेले. कोणताही अँटिव्हायरस हे अडवू शकला नसता, कारण काम फाइलने नव्हे, मजकुराने केले.

याचे गावपातळीवरचे रूप फार साधे असते. समजा, बियाणे किंवा यंत्र पुरवणाऱ्याचा नेहमीचा मेल येतो. बिल खरे, रक्कम खरी, फक्त ‘आमचे खाते बदलले आहे’ अशी एक ओळ जास्त. पुरवठादाराचीच पेटी कोणी उघडून ठेवली असेल, तर मेल खऱ्या पत्त्यावरूनच येतो आणि पीडीएफमध्ये व्हायरस नसतोच. सर्व्हर त्याला निर्धोक म्हणून आत सोडतो. इथे एकच उपाय चालतो. जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारणे. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

दोन व्यवस्था मात्र सर्व्हरच्या पातळीवर आहेत आणि त्या फुकट आहेत. एक, पेटीला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी पेटी उघडत नाही. दुसरी ‘डीमार्क’, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने दुसऱ्या कोणी मेल पाठवला तर तो फेटाळावा अशी इंटरनेटच्या नोंदवहीत केलेली सूचना. साम्य असलेल्या दुसऱ्या नावाला ती अडवत नाही, पण निदान कंपनीचे खरे नाव तरी कोणाला उसने घेता येत नाही. प्राप्तिकर किंवा केंद्रीय जीएसटीच्या नोटिशीचा मेल आला तर २०१९पासून अशा पत्रांवर येणारा दस्तऐवज ओळख क्रमांक अधिकृत पोर्टलवर टाकून पाहता येतो. जोडलेली फाइल उघडण्याआधी हे करता येत असेल तर उत्तमच.

पासवर्ड घातलेल्या झिप फाइलीबद्दलही वेगळे सांगायला हवे. पासवर्ड मेलच्या मजकुरात आणि झिप सोबत, असा मेल आला तर सर्व्हरला आत बघता येत नाही. ‘इमोटेट’ या कुप्रसिद्ध व्हायरसने हीच युक्ती वापरली. माणसाला वाटते पासवर्ड आहे म्हणजे सुरक्षित. ती फाइल नेमकी त्यासाठीच पासवर्ड घालून पाठवलेली असते.

आणि व्हॉट्सॲप? पीएम किसानची यादी, वाहतुकीचे चलन, लग्नाची पत्रिका अशा नावांनी येणाऱ्या ‘एपीके’ फाइलींनी राज्यात अनेकांची खाती रिकामी केली आहेत. व्हॉट्सॲपचे संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्याखेरीज कोणाला वाचता येत नाहीत, त्यामुळे मधल्या सर्व्हरवर त्या फाइलीच्या आत बघून तपासणीही होऊ शकत नाही. कंपनीची बिले, करार, खात्याचे तपशील मेलवर ठेवावेत, व्हॉट्सॲपवर नाही, याला हेही एक चांगले कारण आहे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर पहिल्या तासात फोन करावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत वाटली जाते.

नियम कोणाला, पतसंस्थांचे काय?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ला ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. तो हल्ला एटीएमच्या यंत्रणेवरचा आणि परदेशी व्यवहारांच्या प्रणालीवरचा होता, पैसे २८ देशांतून काढले गेले. पण सहकारी बँकांची संगणक सुरक्षा किती पातळ आहे, याकडे सगळ्यांचे लक्ष गेले ते तेव्हापासून. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९च्या परिपत्रकात नागरी सहकारी बँकांसाठी टप्प्याटप्प्यांची चौकट आखली. तिच्या अगदी पहिल्या पातळीवर, म्हणजे लहानात लहान बँकेलाही लागू होणाऱ्या भागात, बँकेचे स्वतःचे मेल डोमेन असावे आणि मेलप्रणालीतच फसव्या मेलविरुद्ध, घातक फाइलींविरुद्ध तपासणी व डीमार्क असावे, असे लिहिले आहे. म्हणजे शीर्षकातल्या प्रश्नाला रिझर्व्ह बँकेने सहा वर्षांपूर्वीच ‘हो’ असे उत्तर दिले आहे.

ते उत्तर पतसंस्थांना मात्र लागू होत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत. राज्यातल्या पतसंस्था सहकार आयुक्तालयाकडे, बहुराज्यीय संस्था केंद्रीय निबंधकांकडे. बुलढाणा हा पतसंस्थांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गावोगावच्या शाखांत ठेवी शेतकऱ्यांच्या, निवृत्त शिक्षकांच्या, कापूस विकून आलेल्या पैशांच्या. तो पैसा बँकेतला असता तर मेलसुद्धा तपासला गेला असता आणि पतसंस्थेतला आहे म्हणून नाही, हा फरक ठेवीदाराला कोणी सांगितलेला नसतो. त्याला तो मान्य होण्याचे कारणही नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांना तर याबाबत कोणीच काही विचारत नाही, जरी त्यांच्या उभारणीत सरकारी अनुदानाचा पैसा असला तरी.

साखरखेर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात १७२४च्या लढाईमुळे आले. निजामाने इथे मुबारिझ खानाचा पराभव केला आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा केले. तेव्हा शत्रू कोणत्या वाटेने येतो हे धुळीवरून दिसायचे. आता ती वाट हिशेबनिसाच्या टेबलावरच्या मेलपेटीतून जाते, आणि ती पाहण्याचे काम कोणाचे हे ठरलेलेच नाही.

सहकारी संस्थांचे दरवर्षी लेखापरीक्षण होते. लेखापरीक्षक रोकड मोजतो, सोन्याच्या तारणाची पाकिटे उघडून पाहतो, थकबाकीची यादी घेतो. त्याच दिवशी त्याने संस्थेच्या मेल पत्त्यावर ती ६८ अक्षरांची चाचणी फाइल पाठवायला लावावी, पेटीला दुहेरी पडताळणी आहे का हे पाहावे आणि मेलची सेवा कोणाकडून घेतली त्याचे नाव व नूतनीकरणाची तारीख अहवालात लिहावी. सहकार आयुक्तालयाला यासाठी नवा विभाग काढावा लागणार नाही, एक परिपत्रक पुरेल. उत्पादक कंपन्यांना अनुदानाचा पुढचा हप्ता देण्यापूर्वी ‘स्मार्ट’ आणि ‘पोकरा’च्या कार्यालयांनीही हीच तीन कामे तपासावीत. गोदामाच्या छायाचित्राबरोबर आणखी एक कागद जोडला जाईल, इतकेच.